गाळी-गाळणी

खंडेनवमीला गाडीला हार घालायच्या आधी एक काम मी अजून स्वतःच्या हातानं करतो. बेळगावात खासबागेतल्या आमच्या घरापुढं मुलाची गाडी उभी असते. तिचं बॉनेट उघडायचं, इंजिनाजवळच्या काळ्या डब्याच्या क्लिपा सोडवायच्या आणि आतला एअर फिल्टर बाहेर काढून नवा बसवायचा. मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे. तो खिडकीतून म्हणतो, "अण्णा, सर्व्हिसिंगला दिली की ते बदलतात की." बदलतात, हे मलाही ठाऊक आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं तेच करत आलो. पण जुना फिल्टर उन्हाकडं धरून बघितल्याशिवाय मला सण आल्यासारखा वाटत नाही. त्यामागं एक गोष्ट आहे, आणि ती मुलालाही मी कधी नीट सांगितलेली नाही.

आधी फिल्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी तो डोळ्यांनी बघितलेला नसतो. लोकांना वाटतं गाडी पेट्रोलवर चालते. गाडी चालते वाऱ्यावर, पेट्रोल आपलं चवीपुरतं. इंजिन दर क्षणाला ढीगभर हवा आत ओढत असतं आणि रस्त्यावरची हवा म्हणजे निम्मी धूळ. ती आत गेली तर सिलिंडर घासून घासून इंजिन निकामी होतं, म्हणून हवेच्या तोंडाशी गाळणी बसवलेली असते. ती गाळणी तुंबली की निराळा घोटाळा. माणसाचं नाक चोंदलं तर त्याला जेवण जात नाही. जुन्या गाड्यांचं उलट होतं. नाक चोंदलं की त्या जास्त खायच्या. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग ते अर्धवट जळायचं. मागून काळा धूर, चढाला दम नाही, आणि पंपावर मात्र रोजची फेरी.

आमच्या वेळी जीप, अँबॅसिडर आणि लॉरी यांना तेलाची गाळणी असे. तळाशी तेलाचा वाडगा, वर जाळी. धूळ तेलात बसायची. वाडगा उतरवून गाळ टाकायचा, रॉकेलनं धुवायचा, नवं तेल खुणेपर्यंत ओतायचं, संपलं काम. फियाटला मात्र कागदी गाळणी. एक गोल डबा, वर पाकळ्यांचा नट, आत चुण्या चुण्या घातलेल्या कागदाचं कडं. हे कडं धुवायचं नाही, तेल लावायचं नाही, नुसतं हलक्या हातानं झटकायचं आणि उन्हाकडं धरायचं. चुण्यांतून उजेड आला तर अजून चालेल, नाही आला तर नवं. ज्याला नट कुठल्या बाजूला फिरतो एवढं कळतं, त्यानं हे काम घरीच करावं. मी गिऱ्हाइकांना तसं सांगायचोसुद्धा, आणि त्यावरून माझ्या धंद्यातले लोक मला वेडा म्हणायचे.

मी मूळचा बेळगावजवळच्या मच्छे गावचा. घरात शेती, आणि शेतीत राबायला भाऊ पुरेसे होते. बेळगावात एका गॅरेजमध्ये हात काळे करून शिकलो आणि सत्तरच्या दशकात निपाणीला हायवेच्या कडेला स्वतःचं गॅरेज टाकलं. निपाणी म्हणजे तंबाखू. हंगामात सगळ्या गावावर तिचा वास असायचा, दुधालासुद्धा. निपाणीत नवखा माणूस ओळखायला त्याचं गाव विचारावं लागत नसे, तो शिंकायचा. मीही पहिला हंगाम शिंकण्यातच काढला. नंतर नाक मेलं.

तिथं बस्तान बसून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका मालकाची लॉरी काळा धूर ओकत दारात आली. मालक घाईत होता आणि मी दुसऱ्या गाडीखाली होतो. बाहेर येऊन त्याच्या गाडीचा एअर क्लीनर उघडून बघितला तर जाळी कुजलेली, तेलाचा नुसता चिखल. ह्या फिल्टरला त्या काळी आम्ही मिस्त्री लोक एअर क्लीनर म्हणायचो, आणि 'एअर' म्हणण्याचा कंटाळा म्हणून नुसता क्लीनर. मी परत गाडीखाली शिरता शिरता त्याला सांगितलं, "क्लीनर पार कामातनं गेलाय. गाळ साठलाय नुसता. त्याला धुऊन उपयोग न्हाय, बदलूनच टाका."

तो म्हणाला, "मला बी कवाधरनं तेच वाटालतं," आणि लॉरी घेऊन गेला.

आठवड्याभरात परत आला तो भांडायलाच. म्हणाला, तुमच्या सांगण्यावरून क्लीनर बदलला, तरी धूर हाय तसाच. मी बॉनेट उघडलं. कुजकी जाळी जागच्या जागी. बदललाय कुठं, म्हणून विचारलं, तर त्यानं लॉरीच्या मागं बोट दाखवलं. तिथं एक नवा गडी चाकाला दगड लावत होता. लॉरीवरच्या मदतनीस गड्यालाही क्लीनरच म्हणतात, आणि आधीचा क्लीनर बसाप्पा याला त्यानं घरी पाठवलं होतं. बसाप्पा गोकाककडचा, वयानं माझ्याहून मोठा, मिशा पिकायला लागलेल्या. आयुष्य लॉरीवर गेलेलं आणि एका वाक्यात उतरवून दिलेला.

मालकाला समजावून सांगता सांगता मला हसू आवरेना. मालकही मग हसला. बसाप्पाला निरोप गेला, तो आला, आणि आमचं हसू तिथंच थांबलं. तो हसत नव्हता. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "नंदेनु तप्पु री?" म्हणजे माझं काय चुकलं. मी त्याला हाताला धरून इंजिनाशी नेलं, तो डबा दाखवला आणि हा क्लीनर, तू नव्हे, असं मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं. त्यानं डब्याला हात लावून बघितलं, आत काय असतं ते विचारून घेतलं. कानडीत वाऱ्याला गाळी म्हणतात. तो म्हणाला, "मग ह्याला गाळी-गाळणी म्हणा की मिस्त्री. आमचं नाव कशाला देतासा?"

अर्धा शब्द कानडी, अर्धा मराठी. सीमेवरच्या माणसानं दुसरं काय करायचं? त्या दिवसापासून मी क्लीनर म्हणणं सोडलं. बसाप्पा परत कामावर लागला आणि त्यानं तो शब्द लॉरीवरून गावोगावी नेला, पंपावर, चहाच्या टपऱ्यांवर. हंगाम लागला की लॉरीवाले एकमेकांना सांगायचे, गाळी-गाळणी सांभाळ रं. आपल्या गॅरेजातून निघालेला शब्द लोकांच्या तोंडी ऐकताना मला मोठा माणूस झाल्यासारखं वाटायचं. शब्द एकदा बाहेर पडला की तो कुणाच्या घरात कसा शिरेल यावर आपला ताबा नसतो, हे मला अजून कळायचं होतं.

निपाणीत रावसाहेब म्हणून तंबाखूचे एक व्यापारी होते. आडनाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आता मोठमोठ्या शहरांत आहेत. रावसाहेबांचे वडील पोती वाहायचे. रावसाहेबांनी वखार उभी केली, सिमेंटचा बंगला बांधला आणि एक क्रीम रंगाची फियाट घेतली. माणूस वाईट नव्हता. पण कष्टानं वर आलेल्या माणसाला आपलं कुणीतरी खातंय अशी एक धास्ती कायम असते, ती त्यांना होती.

त्यांचा ड्रायव्हर परसू कांबळे. पंचविशीचा, सडपातळ, खाकी कपडे नेहमी इस्त्रीचे. घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. त्याच्या घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या वखारीत राबलेली. आई चाळणीवर बसून म्हातारी झाली, बायको शेवंता रावसाहेबांच्याच वखारीत चाळणीवर होती. चाळणीवर म्हणजे वाळलेल्या तंबाखूचा चुरा मोठ्या चाळण्यांतून चाळायचा. त्यातून जी बारीक भुकटी उडते तिला तिकडं खकाणा म्हणतात. तो डोळ्यांत जातो, घशात जातो. बायका तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधून बसायच्या. त्या घरातून बाहेर पडून हातात स्टेअरिंग धरलेला परसू पहिला. लायसन मिळालं तेव्हा त्याच्या आईनं सगळ्या गल्लीला साखर वाटली होती, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना रावसाहेब पायी पायी गॅरेजवर आले. गाडी असताना पायी, म्हणजे काहीतरी खासगी. फियाट पेट्रोल प्यायला लागली होती. महिन्यापूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट. त्यांच्या दिवाणजीनं कान भरले होते की परसू पेट्रोल काढून विकतो. रावसाहेबांनी कोल्हापूरहून कुलपाचं टोपण आणून टाकीला बसवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. तरी पेट्रोल जातच होतं. आता दिवाणजीचं म्हणणं असं की चोर हुशार आहे, खालची नळी सोडवून काढतो. चोरीचा संशय आधी कुणाच्या दाराशी जाऊन उभा राहतो, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रावसाहेबांनी मला रविवारी सकाळी बंगल्यावर बोलावलं. गाडी गॅरेजमध्ये पाठवायला ते तयार नव्हते. सगळं त्यांना स्वतःच्या डोळ्यांपुढं हवं होतं.

रविवारी गेलो. फियाट पोर्चमध्ये उभी होती, नुकतीच धुतलेली. परसू नळापाशी उभा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळं कळलेलं होतं, ते त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. रावसाहेब खुर्ची टाकून बसले आणि परसूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "मिस्त्री, गळती हाय का तेवढं बघा. असली तर गाडीचा दोष. नसली तर मला काय समजायचं ते समजलं."

एवढं सोपं करून ठेवलं होतं त्यांनी. मी गळती नाही म्हटलं की परसूची नोकरी गेली. नोकरी एक वेळ दुसरी मिळाली असती, पण निपाणीएवढ्या गावात पेट्रोलचोर म्हणून एकदा नाव झालं की त्याच्या हातात बैलगाडीचा कासरासुद्धा कुणी दिला नसता. मग परत वखार, आईच्या आणि बायकोच्या शेजारी. मला हे माहीत होतं, रावसाहेबांनाही होतं.

गाडीखाली गेलो. टाकीपासून इंजिनापर्यंत नळी बोटानं चाचपत आलो. कुठं ओल नाही, वास नाही. गळती नव्हतीच. पण एक गोष्ट दिसली. नळीच्या प्रत्येक जोडावर, प्रत्येक नटावर तंबाखूच्या भुकटीचा थर बसला होता. अगदी मखमलीसारखा, अख्खा. पाना लावला असता तर तो थर मोडला असता. कुणी हात लावलेला नव्हता. बाहेर येऊन मी रावसाहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग पेट्रोल जातंय कुठं? हवेत?"

त्यांनी चिडून म्हटलं, पण म्हटलं ते बरोबर. मी प्लग काढले. चारही काजळीनं काळेकुट्ट. पेट्रोल चोरीला जात नव्हतं, आतच धड न जळता धुरात जात होतं. म्हणजे गाडीचा श्वास कोंडला होता. माझ्या जिवात जीव आला. पाकळ्यांचा नट सोडवला, डब्याचं झाकण उचललं आणि मला शिंक आली. कित्येक वर्षांनी आली.

आत कागद दिसतच नव्हता. कागदाच्या कड्याभोवती कापड गुंडाळलेलं होतं. हिरव्या लुगड्याचा तुकडा, काठासकट, दोन पदरी. नुसता गुंडाळलेला नव्हे, बारीक टाके घालून अंगडं शिवावं तसा मापाचा शिवलेला. काठ होता म्हणून हिरवा म्हणायचा, बाकी सगळं तपकिरी झालं होतं. बोट लावलं तर खकाण्याचा लगदा कापडात भिनून चामड्यासारखा घट्ट झालेला. त्यातून हवा काय, मुंगी गेली नसती.

रावसाहेब उठून जवळ आले. "हे काय?"

परसू नळापासून हलला नाही. तिथूनच म्हणाला, "गाळणी हाय जी."

"कुणी घातली?"

"म्या घातली, मालक. आत न्हवतीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या बोलण्यातून परसूला वाटलं असावं की आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय, त्यामुळे तो अडखळत बोलत होता. हंगामात रावसाहेब दिवस दिवस वखारीत बसायचे आणि गाडी चाळण्यांच्या दारासमोर उभी राहायची. पंपावर लॉरीवाले परसूला सांगायचे, खकाण्यात उभी करतोस तर गाळी-गाळणी सांभाळ, नाहीतर इंजिन बसेल. परसूनं झाकण उघडून बघितलं. आता आमच्याकडं गाळणी म्हटल्यावर डोळ्यांपुढं काय येतं? घागरीच्या तोंडावर बांधायचं फडकं. पाणी फडक्यानं गाळतात, काढा फडक्यानं गाळतात, औषधाची पूड वस्त्रगाळ करतात. परसू डब्यात फडकं शोधत होता आणि आत नुसता घड्या घातलेला कागद. त्याला वाटलं, डबा वाजू नये म्हणून कंपनीनं कागद कोंबलाय आणि गाळणी मात्र कुणीतरी काढून नेली.

"घरात शेवंताला बोललो," परसू म्हणाला. "ती म्हणाली, गाडी बी दिवसभर आमच्यासंगंच हुबी असती की खकाण्यात. तिला बी बांधा तोंडाला. तिनंच माप घिऊन शिवून दिली."

मी ते कापड सोडवून काढलं. कागदाचं कडं उन्हाकडं धरलं, तर चुण्याचुण्यांतून स्वच्छ उजेड. नव्यासारखा पांढरा कागद. शेवंताच्या लुगड्यानं एक कण आत जाऊ दिला नव्हता. तिची गाळणी कंपनीच्या गाळणीपेक्षा सरस होती, एवढी सरस की इंजिनाचा जीव गुदमरला.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते आजपर्यंत गेलेलं नाही. हे कापड इंजिनाच्या तोंडाला महिनाभर होतं आणि त्याचं असं चामडं झालं. असलंच फडकं बाई तोंडाला बांधून चाळणीवर बसते. तिचा दम कोंडला की ती काय करते? इंजिन धूर सोडतं, जास्त पेट्रोल पितं, चढाला अडतं, मग मालक मिस्त्रीला बोलावतो. बाई फडकं थोडं सैल करते. आणि पुढं चाळते.

माझ्या पिशवीत नवा कागद होता. जुना चांगला आहे असं मी सांगितलं, पण रावसाहेब म्हणाले नवाच घाला. मी डबा ओल्या फडक्यानं आतून पुसून घेतला, नवं कडं ठेवलं, झाकण लावलं, नट हातानं आवळला. परसूला मी जवळ बोलावून हे सगळं बघायला लावलं. प्लग घासून बसवले आणि म्हटलं, आता एक चक्कर मारू.

परसूनं गाडी चालवली, मी पुढं, रावसाहेब मागं. गावाबाहेरच्या चढावर, जिथं महिनाभर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती, तिथं ती टॉप गिअरमध्ये सरळ वर गेली. आरशात मागं बघितलं तर धूर नाही. परसूनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत रस्त्याकडं. त्याचे डोळे भरले होते आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला डोळे पुसायला हात मोकळा नसतो.

बंगल्यावर उतरल्यावर रावसाहेब थोडा वेळ गाडीपाशीच रेंगाळले. मग खिशात हात घालून त्यांनी टाकीच्या कुलपाची किल्ली काढली आणि परसूपुढं धरली. "घे. तुझ्यापाशीच असू दे." चुकलो म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि किल्ली देणं हे त्यांच्या परीनं तेच होतं. मला तर ते पुरेसं वाटलं होतं. मी हत्यारं आवरायला लागलो.

परसूनं किल्ली घेतली नाही.

"किल्ली ऱ्हाऊ द्या मालक तुमच्याकडंच," तो म्हणाला. "द्यायचंच झालं तर येक मागतो. शेवंताला चाळणीवरनं उठवून भाईर पानं निवडाय बसवा. लई खोकती ती."

रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या हिरव्या कापडाकडं. ते अजून पोर्चच्या कठड्यावर पडलेलं होतं. म्हणाले, "बघू."

व्यापाऱ्याच्या 'बघू'चा अर्थ बाजारात सगळ्यांना ठाऊक असतो. परसूलाही होता. त्यानं मान हलवली, कठड्यावरचं कापड उचलून घडी केली आणि खाकी शर्टाच्या आत ठेवलं. घरी जाताना मला वाटत होतं, पोरानं हातातली किल्ली उगाच सोडली. इमान सिद्ध झाल्याची खूण होती ती, गल्लीत दाखवता आली असती. आज तसं वाटत नाही. त्याला स्वतःचं इमान माहीतच होतं, ते दुसऱ्याकडून परत घेण्यासाठी त्यानं ती वेळ खर्च केली नाही. मालकाची मान जेवढा वेळ खाली होती तेवढ्यात त्यानं जे मागायचं ते मागून घेतलं. साक्षीला मी होतो, म्हणून त्याला मागता आलं असेल, एवढं श्रेय मी मनातल्या मनात घेतो.

त्यानंतर परसू मोकळ्या वेळात गॅरेजवर यायला लागला. गाडीचं सगळं त्यानं विचारून घेतलं. गाळणी बदलायची झाली तर मला बोलवायची गरज उरली नाही. गावात मात्र तो किस्सा पसरला. फियाटला लुगडं नेसवणारा ड्रायव्हर म्हणून लोक त्याची थट्टा करायचे, आणि तो हसून घ्यायचा. पेट्रोलचोर म्हणवून घेण्यापेक्षा हे किती बरं, ते त्याला आणि मला माहीत होतं. बसाप्पा एकदा लॉरी घेऊन आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. तो मिशीवर हात फिरवत ऐकत होता. त्याचा शब्द, त्याची नोकरी परत मिळताना जन्मलेला, दुसऱ्याच्या नोकरीवर उठला होता. शब्दाला काय कळतंय, असं काहीसं कानडीत म्हणून तो उठला.

पुढच्या हंगामात रावसाहेबांच्या वखारीत काही कामासाठी गेलो होतो. आवारात फियाट उभी होती, बॉनेट वर, आणि परसू नवी गाळणी बसवत होता. वखारीच्या भिंतीलगत कडुनिंबाच्या सावलीत बायका पानं निवडत बसल्या होत्या. त्यातली एक मला बघून हसली आणि म्हणाली, "आता गाळणी बराबर बसवत्यात न्हवं मिस्त्री? बघा, न्हायतर म्या हायच शिवून द्याय." त्यावरून कळलं की हीच शेवंता. तोंड मोकळं होतं, पदर डोक्यावर होता. रावसाहेबांचं 'बघू' खरं ठरलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं रावसाहेबांबद्दलचं मनातलं सगळं माफ करून टाकलं.

परसूनं जुना कागद माझ्या हातात दिला, बघा म्हणून. सवयीनं मी तो वर उन्हाकडं धरला. उजेड येईना. पूर्ण भरला होता. कागद खाली घेतला तेव्हा त्याच्या कडेवरून माझी नजर समोर गेली, वखारीच्या उघड्या दारातून आत. आत खकाण्याचं धुकं होतं, आणि शेवंताच्या जागेवर, त्याच चाळणीवर, दुसरी एक बाई बसलेली होती. तोंडाला फडकं, हात चालू. मधेच तिनं एका बोटानं फडकं थोडं सैल केलं.

"ती कोण रं?" मी विचारलं.

परसूनं तिकडं बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती, त्याला ती जागा लहानपणापासून पाठ होती.

"असंल कुणाची तरी, मिस्त्री," तो म्हणाला, आणि झाकण बसवून नट आवळू लागला.